बेन्यातच्या नावाचा लिफाफा

सेज फोर्क, ओरेगॉन
१ डिसेंबर

प्रिय बेन्यात,

अक्षर ओळखू आलं नाही म्हणून कागद टाकून देऊ नकोस, मीच लिहितेय. ऑगस्टमध्ये मेंढ्या आत घेताना फाटकात हात सापडला आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघून दोन महिने झाले, पण बोटं अजून माझं ऐकत नाहीत. कप धरता येतो, सुई धरता येत नाही, आणि पेन धरलं की अक्षरं म्हाताऱ्या मेंढीसारखी एका अंगाला कलतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात या मनगटाचा मोठा हात आहे.

घरची खबर थोडक्यात सांगते. मेंढ्या आता चाळीसच ठेवल्यात. खालचं गवताचं रान लॉयड पिकेटला कसायला दिलंय. तोच तो, गुरांच्या खाद्याचं दुकान चालवणारा, दोन वाक्यांत तीनदा घसा खाकरणारा. विहिरीचा पंप बदलला. सॉसेज करायचं मात्र सोडलेलं नाही. यंदा हाताने जमेना तेव्हा डेल्फिनाने येऊन मिरच्या कुटून दिल्या, मांसही तिनेच भरलं. ती दवाखान्यातून निवृत्त झाली, पण महिन्यातून एकदा डबा घेऊन येतेच. कधी कोकराचा रस्सा, कधी घेवड्याचं सूप. मी म्हणायची, बाई, नर्सची नोकरी संपली, आता माझी नाडी बघायचं सोड. ती हसायची नाही. का हसायची नाही ते मला नऊ दिवसांपूर्वी कळलं.

आपला दवाखाना तुला आठवत असेलच. बारा खाटा, एक डॉक्टर, आणि बाहेर तो कायम अर्धा पेटणारा दिवा. तो आता या महिनाअखेरीस बंद होणार आहे. कसा ते सांगायलाच मी बसलेय. उन्हाळ्यात दवाखान्याच्या मंडळाने सांगितलं होतं, खोऱ्यातल्या घरांनी थोडा जास्तीचा कर द्यायला मान्यता दिली तर दवाखाना राहील, नाहीतर कुलूप. म्हणून नोव्हेंबरच्या निवडणुकीत अध्यक्ष, सिनेटर, शेरीफ अशा सगळ्यांच्या खाली शेवटी एक प्रश्न छापला होता: दवाखान्यासाठी कर, हो की नाही. लॉयडने रस्त्यावर पाट्या लावल्या, घरोघर फिरला. इथून मोठ्या दवाखान्यासाठी बॉइसीला जायला अडीच तास, त्यात डेड हॉर्स घाट, आणि हिवाळ्यात घाट कधी बंद होईल याचा नेम नाही. तुला आणि मला हे कुणी वेगळं सांगायला नको.

ऑक्टोबरच्या मध्याला नेहमीप्रमाणे मतपत्रिकांचे लिफाफे आले. नेहमीप्रमाणे दोन. एक माझ्या नावाचा, एक तुझ्या.

आता हे वाक्य लिहायला मी उठून चहा करून आले. बेन्यात, तू घर सोडून गेल्यापासून तुझ्या नावाने येणारी प्रत्येक मतपत्रिका मी भरलीय. मी खुणा केल्या, मी लिफाफा चिकटवला, आणि लिफाफ्यावर तुझी सही मी केली. सहा वर्षं, अकरा वेळा.

पहिल्या वेळी मला काही चोरी करायची नव्हती. तू गेल्याला तीन महिने झाले होते. लिफाफ्यावर छापलेलं असतं, हा माणूस इथे राहत नसेल तर तशी खूण करून परत पाठवा. मतपत्रिका बाकीच्या टपालासारखी नव्या पत्त्यावर पुढे जात नाही, ती उलट काउंटीच्या कचेरीत जाते आणि तिथे तुझ्या नावापुढे रेघ मारतात. मी पेन हातात घेतलं, त्या चौकोनावर टेकवलं आणि मला ती खूण करता येईना. बेन्यात इतुराल्दे इथे राहत नाही, असं सरकारला लिहून द्यायचं आणि ते खरं म्हणून मी पाठवायचं. मग वाटलं, महिन्या दोन महिन्यांत येईलच तो, कशाला नाव घालवायचं. नाव एकदा गेलं की पुन्हा नोंद करायची, तारखा सांभाळायच्या. तू कधी कुठली तारीख सांभाळलीस? अठराव्या वर्षी तुझी पहिली नोंदणीसुद्धा मुदतीच्या शेवटच्या दिवशी, कचेरी बंद व्हायला दहा मिनिटं असताना, तुझ्या बापाने, आइताने, तुला ट्रॅक्टरवरून खाली ओढून नेऊन करवली होती.

मग वर्ष गेलं. तुझा फोन बंद झाला. रीनोच्या पत्त्यावर पाठवलेली तीन पत्रं तशीच परत आली. दोन वर्षांपूर्वी स्नेक नदीत एक माणूस सापडला, चाळिशीच्या आतला, उंच, काळ्या केसांचा. पेपरात वाचून मी शेरीफला फोन केला. त्याने दुसऱ्या दिवशी कळवलं, तो कुणी वेगळा होता. कुणा दुसरीचा. तो एक दिवस मी कसा काढला ते लिहीत नाही. त्यानंतर तुझ्या नावाचा लिफाफा आला की मी तो दोन्ही हातांनी घ्यायची. इतक्या मोठ्या देशात तू जिवंत आहेस असं समजून तुला काही पाठवणारं ते एकच ठिकाण उरलं होतं. तिथून नाव गेलं असतं तर मग तू होतास कुठे?

एक सांगते, तुझं मत मी तुझ्यासारखंच दिलं. लांडग्यांच्या कायद्यावर तू जे बोलायचास तेच लिहिलं, शाळेच्या मंडळावर तुला न आवडणारी माणसं पाडली, अध्यक्षाच्या बाबतीतही जेवणाच्या टेबलावर तू माझ्याशी ज्याच्या बाजूने भांडला असतास त्यालाच खूण केली. दरवेळी माझं मत आणि तुझं मत एकमेकांना खाऊन टाकायचं. आइता असता तर म्हणाला असता, मग दोन तिकिटं कशाला लावता, घरीच भांडा की. पण त्या भांडणासाठीच तर मी बसायची. तुझी मतपत्रिका भरायला मला पूर्ण एक दुपार लागायची. प्रत्येक नावापाशी तू काय म्हणाला असतास ते ऐकू येईपर्यंत मी थांबायची.

यंदा दवाखान्याच्या प्रश्नापाशी काहीच ऐकू आलं नाही. त्या दवाखान्याबद्दल तू आणि मी शेवटचं काय बोललो होतो ते तुला माहीत आहे. शेवटी मीच ‘हो’वर खूण केली. पहिल्यांदा तुझ्या कागदावर मी माझं मत दिलं. मग तुझी सही करायला घेतली आणि या मनगटाने दगा दिला. इतकी वर्षं मी तुझी सही इतक्या वेळा केली होती की माझ्या सहीपेक्षा ती मला सोपी झाली होती. यंदा मात्र शेपूट भलतीकडेच गेलं. म्हटलं, चालतंय. गावात जाऊन कोर्टाच्या दारातल्या मतांच्या पेटीत दोन्ही लिफाफे टाकले आणि येताना पाव घेऊन आले.

निवडणुकीनंतर चार दिवसांनी मोजणी पूर्ण झाली. दवाखान्यासाठी हो म्हणणारे आठशे सदतीस, नाही म्हणणारे आठशे सदतीस. बरोबरी झाली तर कर नामंजूर, असा नियम आहे. पुन्हा मोजले, पुन्हा तेच. आणि मग बातमी फुटली की अख्ख्या काउंटीत एक लिफाफा अजून उघडायचा राहिलाय. सही जुळत नाही म्हणून बाजूला ठेवलेला. बेन्यात इतुराल्देचा.

काउंटीची, निवडणुका बघणारी क्लार्क यंदा नवी आहे. कोरीन व्हिटलॉक नाव, तिशीची असेल, सगळं नीट बघणारी. आधीची क्लार्क यंदाची सही मागच्या सहीशी ताडून बघायची, आणि मागची सही माझीच असायची. माझी खोटी सही माझ्याच खोट्या सहीला साक्ष देत होती. यंदा ती जुळली नाही तेव्हा कोरीनने कपाटातून तुझं नोंदणीचं पहिलं कार्ड काढलं, आइताने करवलेलं. मग तुझ्या नावाने या घरी पत्र आलं. ही सही तुमचीच आहे असं या अर्जावर सही करून कळवा, मंगळवार सव्वीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत, नाहीतर मत धरलं जाणार नाही.

आणि बेन्यात, गाव तुला शोधू लागलं. सहा वर्षांत ज्यांनी तुझं नाव काढलं नव्हतं, चर्चच्या पायऱ्यांवर मी दिसले की जे हवेबद्दल बोलायचे, ते सगळे दारात येऊन विचारू लागले, बेन्यातचा नंबर आहे का, कुठे असतो, कोणाकडे काम करतो. कुणी केक आणला. कुणी म्हणालं, पोरगा मनाचा चांगलाच होता, दवाखान्यासाठी लांबून मत पाठवलं बघा. मी त्यांना कॉफी देत होते आणि काय सांगणार होते? की त्याने काही पाठवलं नाही? की तो आहे की नाही हेच मला ठाऊक नाही? लॉयडने नेव्हाडातल्या खाणींना फोन केले, आयडाहोतल्या मेंढपाळांना निरोप धाडले. मी रोज सकाळी देवाला दोन गोष्टी मागायची, तू सापडावास आणि तू सापडू नयेस. सापडला असतास तर लोकांनी तुझ्यापुढे तो अर्ज ठेवला असता, आणि तुला एकतर खोटं लिहून द्यावं लागलं असतं, नाहीतर सगळ्यांदेखत आईला चोर म्हणावं लागलं असतं.

मुदतीच्या आदल्या शुक्रवारी लॉयड आला. टोपी हातात, घसा खाकरत. बराच वेळ मेंढ्यांबद्दल बोलला. मग अर्जाकडे न बघता म्हणाला, “बाई, पोरगा काही सापडत नाही. पण अर्ज तर इथंच पडलाय. सही कुणी केली हे काय कागद बोलून दाखवतोय?” मी म्हटलं, “लॉयड, हा गुन्हा आहे.” तो म्हणाला, “असेल. पण जानेवारीत घाटात बर्फ पडल्यावर कुणाची बाई अडली तर तो कुणाचा गुन्हा?” त्याची सून सातव्या महिन्यात आहे. तो वाईट माणूस नाही. तो जे मला करायला सांगत होता ते मी अकरा वेळा करून बसलेय, हे त्याला माहीत नव्हतं एवढंच. तो गेल्यावर मी अर्ज पुढे ओढला. जुन्या वर्तमानपत्रावर डाव्या हाताने उजवा हात धरून तुझी सही घोटत बसले. विसाव्या वेळी बरी जमली.

तेवढ्यात डेल्फिना आली. तिला वाटलं, मी तुला बोलवायला कचरतेय. समोर बसली आणि म्हणाली, “युलालिया, त्याला शोध. तो येईल. त्या दवाखान्यावर त्याने जेवढे उपकार केलेत तेवढे कुणी केले नसतील.” मला वाटलं ती टोमणा मारतेय.

त्या फेब्रुवारीचं मी आजवर कुणाशी बोलले नाही, पण आता लिहिते, म्हणजे मला काय दिसलं होतं ते तुला कळेल. आइता कोकरांच्या गोठ्यात छाती धरून बसला. तू घरात जाऊन फोनवर काहीतरी बोललास, मग त्याला उचलून गाडीत घातलंस. मी मधे बसून त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. दवाखाना रस्त्यावरच होता. मला वाटलं तू वळशील. तू वळला नाहीस. दार माझ्या खिडकीसमोरून गेलं. मी ओरडले, तू ओठ घट्ट मिटून घाटाकडे गाडी सोडलीस. माथ्यावर पोचायच्या आधीच आइताचा हात सैल पडला. आणि चौथ्या दिवशी, मातीहून परत आल्यावर चर्चच्या हॉलमध्ये, हातात प्लेटा घेतलेल्या सगळ्या गावासमोर मी तुला म्हटलं, “तू त्याला मारलंस. दवाखान्यापाशी थांबला असतास तर माझा नवरा आज जेवायला बसला असता.” तू एक शब्द बोलला नाहीस. कोट घेतलास आणि निघून गेलास, तो गेलासच. मला वाटलं, उत्तर नाही म्हणून गप्प आहे.

डेल्फिनाने मला जे सांगितलं ते असं. तो फोन तिने उचलला होता. डॉक्टरने फोन घेऊन तुला सांगितलं, इथे आणू नका. छातीतली गुठळी विरघळवणारं औषध संपलंय, ॲम्ब्युलन्स दुसरा रुग्ण घेऊन आधीच गेलीय. इथे थांबवाल तर अर्धा तास जाईल आणि हाती काही लागणार नाही. सरळ घाटाकडे निघा, पलीकडून आम्ही गाडी बोलावतो, वाटेत गाठेल. ते औषध मागवायचं काम डेल्फिनाचं होतं. तिची बहीण त्या महिन्यात गेली होती, आणि ती मागवायला विसरली. मातीच्या आदल्या दिवशी तुझ्याकडे येऊन तिने रडत हे कबूल केलं. तू म्हणालास, “झालं ते झालं, तुमची नोकरी गेल्याने आइता परत येत नाही.” तिला वाटत होतं तू घरी मला तरी सांगितलं असशील. हॉलमध्ये मी तुला बोलले तेव्हा तिला वाटलं दुःखात बाई भान विसरली. आणि नंतर मी कधी विषय काढला नाही, तर तिची समजूत, मीही मोठ्या मनाने गप्प आहे. सहा वर्षं ती माझ्यासाठी रस्सा आणत होती तो म्हणूनच. मी मोठ्या मनाची, बेन्यात. मी. तिला कळलं की मला काहीच ठाऊक नव्हतं, तेव्हा तिचा चेहरा असा झाला की मीच तिला पाणी दिलं.

ती गेल्यावर अर्ज तसाच टेबलावर होता आणि बाजूला तुझ्या वीस सह्या. शनिवार, रविवार, सोमवार त्याच्या भोवती फिरले. माझ्या एका सहीने दवाखाना वाचत होता. त्या दवाखान्याने माझा नवरा घालवला असेल, पण लॉयडची सून अजून बाळंत व्हायची आहे, आणि वाईट दवाखानाही नसण्यापेक्षा बरा, एवढं मला कळतं. पण हात उचलेना. सगळ्या गावादेखत जे तू केलं नव्हतंस ते मी तुझ्या नावावर घातलं होतं. आणि आता पुन्हा, सगळ्या गावाच्या भल्यासाठी, तू न केलेलं आणखी एक तुझ्या नावावर लिहायचं? मंगळवारी दुपारी तीन वाजता मी अर्ज कोरा पिशवीत घातला आणि कोर्टातल्या काउंटीच्या कचेरीत गेले.

कोरीन व्हिटलॉकसमोर उभी राहून मी म्हटलं, ती सही माझ्या मुलाची नाही, माझी आहे, यंदाचीही आणि आधीच्या सगळ्याही. तिला धक्का बसेल असं वाटलं होतं. तिने दार लावलं, मला खुर्ची दिली आणि म्हणाली, “मिसेस इतुराल्दे, शनिवारपासून मी तुमची वाट बघतेय. तुम्ही स्वतःहून यावं असं मला वाटत होतं.” मग खण उघडून एक कागद काढला. नेव्हाडातून आलेला. तिथल्या एल्को नावाच्या गावात ऑक्टोबरमध्ये, टपालाने नोंद करायच्या शेवटच्या तारखेला, एका माणसाने मतदार म्हणून नाव घातलं होतं. नवीन ठिकाणी नोंद करताना आधी कुठे नाव होतं ते लिहावं लागतं, म्हणजे जुन्या काउंटीला कळवून तिथलं नाव काढता येतं. त्या चौकोनात हाताने लिहिलेलं होतं, लोन ट्री रस्ता, घर क्रमांक ४१, सेज फोर्क. चारचा अंक उघड्या डोक्याचा, एक आडवी रेघ जास्तच लांब. खाली तुझी सही. तुझी, तू केलेली.

मी कोर्टात रडले असं लोक सांगतायत ते खरं आहे, पण ते म्हणतात त्या कारणासाठी नाही. पकडले गेले म्हणून नाही. ऑक्टोबरमध्ये तू जिवंत होतास. तुझ्या हातात पेन होतं, तुझा हात थरथरत नव्हता, आणि शेवटच्या तारखेला का होईना, तू स्वतः पाकीट टपालात टाकलं होतंस. कोरीन म्हणाली, मला हे राज्याला कळवावंच लागेल. मी म्हटलं, कळव बाई, पण तो कागद मला अजून एकदा दाखव. तिने दाखवला. मतदार यादी कुणालाही मागून बघता येते, असंही ती म्हणाली, आणि नेव्हाडाला विचारून तुझा पत्ता तिने शुक्रवारी मला कळवला.

पाच वाजले आणि लिफाफा न उघडताच बाद झाला. बरोबरी तशीच राहिली, म्हणजे कर पडला. त्या लिफाफ्यात ‘हो’ आहे हे मला एकटीला ठाऊक होतं. बाकीच्यांनी अंदाज केला, आणि तो बरोबरच होता. गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला मला कुणी बोलावलं नाही, डेल्फिना सोडून. काल, शनिवारी, लॉयडच्या दुकानात खाद्य आणायला गेले. त्याने पोती गाडीत टाकली, पावती दिली, आणि पहिल्यांदाच घसा न खाकरता म्हणाला, “बाई, सहा वर्षं जे चाललं ते आणखी एक दिवस चाललं असतं तर काय बिघडत होतं?” मी पावतीची घडी करून पिशवीत टाकली. काल रात्री बर्फ पडलं तेव्हा मी खिडकीतून घाटाकडे बघत बसले आणि त्याच्या सुनेचे महिने मोजले.

राज्याकडून एक तपासनीस मला भेटायला येणार आहे. तुलाही फोन करील. त्याला जे खरं ते सांग: तू सही केली नाहीस, तुला काही माहीत नव्हतं. माझ्यासाठी एक अक्षरही इकडचं तिकडे करू नकोस. वकील म्हणतो, वय बघता तुरुंग बहुधा नसेल, दंड होईल. जे होईल ते होवो. पैसेही पाठवू नकोस, आणि या कारणासाठी घाट ओलांडून येऊही नकोस. यातलं काही मागायला मी लिहीत नाहीये.

मी का लिहितेय ते आता सांगते. बावीस तारखेला चर्चच्या हॉलमध्ये नाताळचं जेवण आहे. तोच हॉल, तीच माणसं. त्यातली काही मेली, पण प्लेटा त्याच. मला तिथे उभं राहून सांगायचंय की माझ्या मुलाने त्याच्या बापाला मारलं नाही. डॉक्टरने सांगितलं तेच त्याने केलं, वेड्यासारखी गाडी हाकत केलं, आणि बाप ऐकतोय म्हणून गाडीत मला सांगितलं नाही, आणि डेल्फिना समोर उभी होती म्हणून हॉलमध्ये सांगितलं नाही. डेल्फिनाची तयारी आहे. ती म्हणते, मी तुझ्या शेजारी उभी राहते. पण हे ज्याने सहा वर्षं पोटात ठेवलं तो तू आहेस. ते झाकून ठेवायचं ठरवलं तेही तू. तुझ्या नावाने मी खूप काही करून बसलेय, एकदाही तुला न विचारता. हे मात्र विचारून करणार आहे. सांगू का, बेन्यात? पत्र लिहवत नसेल तर नुसत्या कार्डावर ‘हो’ किंवा ‘नको’ लिही, पुढेमागे काही नको. ‘हो’ म्हणालास तर सांगेन. ‘नको’ म्हणालास तर गप्प बसेन, आणि त्या हॉलमध्ये लोक तुझ्याबद्दल जे बोलतील ते मान खाली घालून ऐकेन, जसं तू ऐकलंस. आणि काहीच आलं नाही, तरीही गप्प बसेन. कारण न आलेल्या उत्तराच्या जागी आता मी माझ्या हाताने काही लिहिणार नाही.

तुझीच आई,
आमा